दुखण्याचा शेजार

हरिहरेश्वराच्या डोंगराला समुद्राच्या अंगाने प्रदक्षिणा घालण्याची एक वाट आहे. देवळामागचा चढ चढून गेले की दोन कड्यांमधल्या चिरेतून अरुंद पायऱ्या थेट खाली उतरतात. खाली लाटांनी कोरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळीदार केलेले खडक लागतात, आणि त्यांवरून डोंगराला वळसा घालून यात्रेकरू पुन्हा देवळाकडे येतो. ही वाट ओहोटीच्या वेळीच चालावयाची. भरतीच्या वेळी तिच्यावर पाऊल घालणे म्हणजे जिवाशी खेळ. श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. घाटावरून आणि कोकणातून तेथे जी माणसे येतात, त्यांतली बरीच वयाने उतरलेली असतात. त्या पायऱ्यांच्या तोंडाशी आल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांची यात्रा तेथेच थांबते. मनाची तयारी असते, पण गुडघे नाही म्हणतात. बरोबरची मंडळी चपला सावरीत खाली उतरतात आणि ही माणसे वर सावली शोधून बसून राहतात.

वर बसून राहिलेल्या या माणसांविषयी मला लिहावयाचे आहे. ती एकमेकांना अनोळखी असतात. गाव, जात, भाषेचा हेल, सगळेच वेगळे असते. तरीही थोड्याच वेळात ती अशी बोलू लागतात, की जणू वर्षानुवर्षांचा शेजार आहे. घरी जे कधी सांगितलेले नसते, ते तेथे सहज सांगून होते. असे का व्हावे? समदुःखी माणसाजवळ असे काय असते, जे आपल्यावर जीव टाकणाऱ्या धडधाकट आप्तांजवळ नसते? आणि याच्याच पोटात दुसरा, जरा अडचणीचा प्रश्न आहे. दुसऱ्याचेही सांधे दुखतात हे कळल्यावर आपल्याला जे बरे वाटते, ते बरे वाटणे निर्मळ असते का? की दुसऱ्याच्या दुःखातून आपण आपला दिलासा काढून घेत असतो?

या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी दुखण्याची थोडी ओळख करून घेतलेली बरी. आपण ‘संधिवात’ हा एकच शब्द वापरतो. वैद्यकशास्त्र त्याखाली शंभरांहून अधिक विकार मोजते. त्यांतील दोन आपल्या घरांत विशेष दिसतात. एक झिजेचा संधिवात. वयाबरोबर गुडघ्यातील कूर्चा झिजते, उठता-बसता कळ येते, जिना नकोसा होतो. दुसरा आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच वाट चुकते आणि स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हा विकार म्हातारपणाची वाट पाहत नाही. ऐन संसाराच्या वयात, तिशी-चाळिशी-पन्नाशीत तो येतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो. त्याची मुख्य खूण म्हणजे सकाळचा ताठरपणा. झोपेतून उठल्यावर हातांची बोटे तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ वळत नाहीत. दुपारपर्यंत तीच बाई सर्वांसारखी हिंडू-फिरू लागते, आणि मग सकाळची तिची अवस्था कोणाला खरी वाटत नाही.

या दुखण्यातील एकटेपणाचे मूळ येथे आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. नुकसान भयंकर होते. पण त्यात एक गोष्ट होती. कोणाला काही समजावून सांगावे लागत नव्हते. शेजाऱ्याचे छप्पर उडालेले दिसत होते, आपले उडालेले त्याला दिसत होते. आमवात हे एकाच घरावर येणारे वादळ आहे. बाहेरून पाहावे तर कौल जागच्या जागी असते. ज्याचे छप्पर आतून उडाले आहे, त्याला प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पटवून द्यावे लागते. आणि पटवून देण्याचे हे काम कधीकधी मूळ दुखण्याहून थकवणारे असते.

आकडेही हेच सांगतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातील एका योजनेखाली, घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. सुमारे ४,००० प्रौढांची विचारपूस झाली. शंभरातील १८ जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. आमवाताचे प्रमाण मात्र हजारी पाचच्या आसपास निघाले. या दोन आकड्यांत दोन निरनिराळी एकाकीपणे दडलेली आहेत. गुडघेदुखी इतकी सर्रास, की तिला कोणी दुखणे मानीत नाही. ‘वय झाले, चालायचेच’ या एका वाक्यात तिची बोळवण होते. आणि आमवात इतका विरळ, की हजार प्रौढांच्या गावात तो असलेले पाच जण पाच वाड्यांवर राहतात आणि एकमेकांना आयुष्यभर भेटत नाहीत. पहिल्याला सोबती पुष्कळ, पण दुखण्याला मान्यता नाही. दुसऱ्याला निदानाचे मोठे नाव मिळते, पण सोबती मिळत नाही.

याच्या उलट एक प्रसंग महाराष्ट्राने २००६ साली पाहिला. त्या वर्षी चिकुनगुन्याची साथ आली आणि गावेच्या गावे सांधे धरून बसली. त्या रोगाचे नाव आफ्रिकेतील माकोंदे भाषेतले. वेदनेने वाकून जाणे असा त्याचा अर्थ. ताप आठवड्याभरात गेला, पण कित्येकांचे सांधे पुढे महिनोन्‌महिने दुखत राहिले. त्या दिवसांत कोणी लंगडत पाणवठ्यावर आले तर त्याला कारण विचारले जात नसे. ‘तुमचे किती दिवस झाले?’ एवढेच विचारले जाई. दुखणे तितकेच होते, पण ते सिद्ध करण्याचे ओझे नव्हते. साथ ओसरली तशी ही समजूतही ओसरली, आणि ज्यांचे सांधे वर्षभरानंतरही दुखतच राहिले ती माणसे पुन्हा एकटी पडली.

मला स्वतःला आमवात होऊन आता बरीच वर्षे झाली. आमच्या धर्मग्रामातील ज्येष्ठांच्या सहलीबरोबर मी हरिहरेश्वरला गेले होते, आणि त्या पायऱ्यांच्या तोंडाशी थांबलेल्यांत मीही होते. शेजारी साताऱ्याकडच्या एक आजीबाई बसल्या होत्या. काळभैरव त्यांचे कुलदैवत. त्यांच्या घरची पंधरा माणसे खाली उतरली होती आणि सगळ्यांच्या पिशव्या त्यांच्या राखणीला होत्या. मी पाण्याच्या बाटलीचे झाकण तळव्यांत धरून फिरवू लागले, तशी त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिले आणि विचारले, “ताई, सकाळी तुमची बोटं मिटायला किती वेळ लागतो?”

हा प्रश्न मला आजवर फक्त डॉक्टरांनी विचारला होता. मी म्हटले, “थंडीत दीड तास. तुमची, मावशी?”

“चहा होईस्तवर नाही मिटत,” त्या म्हणाल्या. मग हळूहळू सगळे निघाले. भाकरी थापता येत नाही. लुगडे पिळता येत नाही. सून चांगली आहे. ‘आत्याबाई, तुम्ही बसा’ म्हणते. “पण ताई, बसा म्हणतात ना, तवा चुलीपासनं उठीवल्यागत वाटतं.” घरच्या किल्लीला त्यांनी सुताचा जाड वेढा गुंडाळला होता, म्हणजे ती चिमटीऐवजी मुठीत धरता येते. उठल्या उठल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसावयाचे, मग कामाला लागावयाचे, असा त्यांचा नेम होता. मी त्यांना झाकणावर रबरी तुकडा धरून बाटली कशी उघडावी ते दाखविले. तासाभराने खालची मंडळी वर आली, उन्हाने लाल झालेली, खडकांचे आणि लाटांचे कौतुक सांगणारी. त्यांच्यापैकी एकाने मला सहानुभूतीने म्हटले, “तुम्हाला एकटीलाच बसावे लागले.” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि काही बोललो नाही.

त्या तासात मला जे बरे वाटले, त्याची मी पुढे पुष्कळ चिकित्सा केली आहे. बरे वाटण्याचे दोन प्रकार असतात, आणि ते वरवर सारखे दिसले तरी जातीने भिन्न असतात. पहिला प्रकार तुलनेचा. ‘तिची बोटे माझ्याहून वाकडी आहेत, म्हणजे माझे त्यामानाने ठीक आहे.’ हा दिलासा दुसऱ्याच्या अधिक दुःखावर उभा असतो. त्याला टिकून राहण्यासाठी दुसऱ्याचे दुःख अधिक असणे आवश्यक असते, आणि म्हणून तो निर्मळ नाही. शिवाय तो कच्चाही आहे; कारण उद्या तीच बाई सुधारली आणि मी खालावले, तर हाच दिलासा उलटून मत्सर होतो.

दुसरा प्रकार निराळा. तेथे दुसऱ्याचे दुःख मला सुखावीत नाही. त्याचे जाणणे सुखावते. ‘हिला ठाऊक आहे’ एवढीच ती गोष्ट. मला पटवून द्यावे लागत नाही, पुरावा द्यावा लागत नाही, रडगाणे गाते असा आरोप ऐकावा लागत नाही. या दिलाशासाठी तिचे दुखणे माझ्याहून कमी की अधिक, याला काही महत्त्व नाही. ती उद्या पूर्ण बरी झाली तरी तिचे जाणणे पुसले जात नाही. उलट तिच्या बरे होण्याचा आनंद मला होऊ शकतो. कोणता दिलासा निर्मळ, याची कसोटीच मला येथे दिसते. सोबती बरा झाल्यावर ज्याला आनंद होतो, त्याने सोबत मागितली होती. ज्याला चुकल्यासारखे होते, त्याने फक्त तुलना मागितली होती.

येथे घरच्या माणसांवर अन्याय होऊ नये. दुखणाईताची खरी सेवा घरातली माणसेच करतात. औषध आणणे, डबा उघडून देणे, रात्री पाय दाबणे ही त्यांची कामे कोणी परका करीत नाही. परंतु प्रेमाला एक घाई असते. आपले माणूस बरे व्हावे, लवकर व्हावे, ही ती घाई. म्हणून घरचे माणूस सकाळी ‘आज कसे आहे?’ असे विचारते, तेव्हा त्या प्रश्नात उत्तराची अपेक्षाही असते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुखण्यात ‘आजही तसेच’ हे उत्तर देणाऱ्याला हळूहळू अपराध्यासारखे वाटू लागते. पुढे तो खोटे उत्तर देऊ लागतो. ‘बरे आहे’ असे म्हणतो आणि भिंतीला धरून उठतो. समदुःखी माणसाला ही घाई नसते. माझ्या बरे होण्यात त्याचे काही गुंतलेले नसते, म्हणून त्याच्यापाशी मी खरे बोलू शकते. तो माझ्यावर घरच्यांहून अधिक प्रेम करतो असे मुळीच नव्हे. त्याच्यापुढे मला बरी असल्याचे सोंग करावे लागत नाही, इतकेच.

मात्र समदुःखी माणसे एकत्र आली की आपोआप एकमेकांची होतात, असेही नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाचे तळे आठवावे. पाच पडव्यांखाली आजाऱ्यांची दाटी झालेली. आंधळे, लंगडे, लुळे, सगळे समदुःखी, सगळे शेजारी. त्यांत एकजण ३८ वर्षांचा आजारी. प्रभू येशूने त्याला बरे व्हावयाचे आहे का असे विचारले, तेव्हा त्याने हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. पाणी हलते तेव्हा मला तळ्यात सोडणारे कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच पुढे उतरतो, असे गाऱ्हाणे त्याने सांगितले. या उत्तरावर आपण पुरेसे थांबत नाही. ज्याच्या डाव्या-उजव्या हाताला दुखणाईतांची रांग आहे, तो माणूस म्हणतो, मला कोणी नाही! आणि तो खोटे बोलत नाही. कारण त्या पडव्यांखालची समजूतच अशी होती की जो पहिला उतरेल त्याचे साधेल. जेथे एकाचा लाभ हा दुसऱ्याचा तोटा असतो, तेथे समदुःख माणसांना जोडीत नाही. ते त्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी करते. शेजारी बसणे आणि शेजार असणे यांत हे अंतर आहे.

आपल्या काळातही बेथेस्दाच्या पडव्या ठिकठिकाणी आहेत. दवाखान्याच्या बाकावर तीस दुखणाईत तासन्‌तास शेजारी बसतात आणि प्रत्येकाचे लक्ष आपला नंबर कधी लागतो याकडे असते. तेथे शर्यत लावणारा कोणी दुष्ट नसतो. व्यवस्थाच तशी असते. म्हणून समदुःखी माणसांची सोबत ही योगायोगावर सोडण्याची गोष्ट नव्हे. कोणीतरी ती शर्यत मोडावी लागते आणि बाकाची बैठक करावी लागते.

असा एक प्रयत्न जगात पुष्कळ नावाजला गेला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग या परिचारिकेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी एक वर्ग उभा केला. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, सुमारे दोन तास. विशेष हे, की शिकविणारे डॉक्टर नव्हते. ती सर्वसामान्य माणसे होती, आणि त्यांतील अनेकांना स्वतःला संधिवात होता. त्यांना आधी रीतसर शिक्षण दिले जाई. वर्गात व्यायाम, औषधांची माहिती, थकव्याचे नियोजन असे. आणि प्रत्येक जण पुढील आठवड्यासाठी एक लहानसा संकल्प सर्वांसमोर सांगत असे. फाटकापर्यंत तीन दिवस चालेन, एवढासाही. तो पार पडेल याची खात्री दहापैकी किती, तेही सांगावयाचे. पुढच्या आठवड्यात काय झाले ते सांगावयाचे, आणि अडले असेल तर सर्वांनी मिळून वाट शोधावयाची.

चार वर्षांनंतर अशा रुग्णांची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या वेदना सरासरी २० टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडील फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि त्याच चार वर्षांत त्यांची शारीरिक असमर्थता ९ टक्क्यांनी वाढली होती. हा तिसरा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. रोग पुढे सरकला होता. सांधे पूर्वीपेक्षा बिघडले होते. तरी दुखणे कमी झाले होते. अर्थात असे यश सर्वत्र आले नाही. ब्रिटनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ८१२ रुग्णांवर केलेली अशीच चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वेदना आणि हालचाल यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मनाची काळजी तेवढी कमी झाली आणि दुखणे आपल्याला हाताळता येईल हा विश्वास वाढला. सोबतीकडून किती मागावे याची मर्यादा यावरून कळते. सोबत सांधे दुरुस्त करीत नाही. भीती कमी करणे तिला साधते, आणि भीती कमी झाल्यावर तेच सांधे कधीकधी कमी दुखतात.

ही मर्यादा विसरली की सोबतीचा अपाय होतो. दुखणाईत एकत्र आले की औषधांची देवघेव सुरू होते. ‘माझ्या नणंदेला अमक्याच्या पुडीने आठ दिवसांत गुण आला.’ पण जी पुडी आठ दिवसांत गुण देते, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. आणि ते काय आहे, किती आहे हे न कळता घेत राहिले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. आमवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते, रक्ताच्या तपासण्या करीत. ऐकीव माहितीवर ती कोणी रोज घेतली तर जिवावर बेतते. आमवाताचे उपचार लवकर सुरू झाले तर सांध्यांची पुढची मोडतोड पुष्कळ अंशी रोखता येते. म्हणून सकाळचा ताठरपणा आणि बोटांची सूज दिसूनही जी मैत्रीण ‘डॉक्टरकडे कशाला’ म्हणते, ती सोबत करीत नाही. चांगल्या सोबत्याचे पहिले कर्तव्य बरोबर दवाखान्यात जाणे हे आहे. औषध सांगणे हे त्याचे कर्तव्यच नव्हे.

या मर्यादा सांभाळून समदुःखी माणसांनी एकत्र येण्याची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. दारूचे व्यसन सुटलेल्याने व्यसनात सापडलेल्याला हात द्यावा, या कल्पनेवर १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. तिच्या बैठका आपल्या अनेक धर्मग्रामांच्या सभागृहांत भरतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे दुखणाईताला ‘रुग्ण’ न म्हणता ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’. या शब्दांची निवड मला फार मोलाची वाटते. ‘रुग्ण’ या शब्दात माणूस त्याच्या रोगापुरता उरतो. ‘शुभार्थी’ हा शुभाची इच्छा धरणारा असतो, त्याला पुढे काही हवे असते. आणि शुभंकरांनाही तेथे एकमेकांची सोबत मिळते, कारण सांभाळणाराही एकटाच असतो. हे आपण सहसा विसरतो.

येथे आपल्या परंपरेतील एका दुखणाईताची आठवण करावीशी वाटते. संत आल्फोन्स लिगोरी इटलीत बिशप असताना १७६८ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांना संधिवाताच्या तापाने गाठले. त्यातून ते उठले, पण मान कायमची वाकली. हनुवटी छातीला टेकली, इतकी की तेथे जखम झाली. त्यांना मिस्सा अर्पण करता येईना. कारण मान वर करून प्याल्यातील द्राक्षारस घेणे अशक्य झाले होते. लाखो शब्द लिहिणारा, धर्मसंघ स्थापन करणारा हा विद्वान एका प्याल्यापाशी अडला होता. तेव्हा एका ऑगस्टिनियन मठाच्या प्रमुखाने त्यांना दाखवून दिले, की खुर्चीच्या आधाराने विशिष्ट तऱ्हेने मागे रेलल्यास, सेवकाच्या मदतीने, प्याला ओठांपर्यंत नेता येतो. संधिवात गेला नाही, मान सरळ झाली नाही. आल्फोन्स पुढे १९ वर्षे तसेच जगले. त्या मठप्रमुखाने त्यांच्या दुःखाचा अर्थ सांगितला नाही. सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. खुर्ची कशी ठेवावी ते सांगितले. किल्लीला सुताचा वेढा घालणाऱ्या आजीबाई आणि हा मठप्रमुख मला एकाच जातीचे वाटतात. मोठ्या दुःखापुढे लहान युक्ती सांगण्यात दुःखाचा अनादर होत नाही. दुखणाऱ्याला उद्याची सकाळ कशी उजाडते, हे ती सांगणाऱ्याला माहीत असते.

मग आपल्या धर्मग्रामात काय करता येईल? भिगवणचा हिशेब आपल्या चर्चला लावून पाहावा. रविवारी हजार प्रौढ मिस्सेला येत असतील, तर त्यांत आमवाताचे चार-पाच जण असावेत, आणि दुखऱ्या गुडघ्यांचे तर कितीतरी. ते एकाच छपराखाली, कधीकधी एकाच बाकावर बसतात. तरी प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच. त्यांना शोधण्यासाठी पाहणीची गरज नाही. अर्पणविधीच्या वेळी सारे चर्च गुडघ्यांवर येते, तेव्हा काही माणसे बसून राहतात. त्यांची नजर खाली असते. मागच्याला काय वाटत असेल, लहान मुले बघत असतील का, हे विचार त्यांच्या मनात त्या पवित्र क्षणीही येऊन जातात. ज्यांना गुडघे टेकावयाची सर्वांत अधिक इच्छा आहे, त्यांनाच ते टेकता येत नाहीत. पायऱ्यांच्या तोंडाशी थांबलेली माणसे आपल्याही चर्चमध्ये आहेत.

त्यांच्यासाठी फार काही लागणार नाही. तळमजल्यावरची एक खोली, हात असलेल्या दहा-बारा उंच खुर्च्या, महिन्यातून एक सायंकाळ. तेथे प्रमुख पाहुणा नको, भाषण नको. एखादे वेळी डॉक्टरांना बोलवावे, फिजिओथेरपिस्टला बोलवावे. एरवी माणसांनी एकमेकांना विचारावे, सकाळी किती वेळ लागतो? प्रत्येकाने पुढच्या महिन्यासाठी एक लहान संकल्प सांगावा. कोणाला जिना चढता येत नसेल तर बैठक त्याच्या घरी न्यावी. पहिला नियम असा असावा की कोणी कोणाला गोळी सांगणार नाही. आणि दुसरा, की ‘माझे तुझ्याहून अधिक दुखते’ हे वाक्य तेथे कोणी उच्चारणार नाही. या दोन नियमांत बेथेस्दाची शर्यत मोडते.

याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निदान झाल्यापासून दुखणाईत फक्त घेणारा होऊन बसतो. औषध घेतो, सेवा घेतो, सहानुभूती घेतो. ‘तुम्ही बसा’ हे शब्द प्रेमाचे खरे, पण ते ऐकता ऐकता माणूस स्वतःला घरातील वजाबाकी समजू लागतो. समदुःखी माणसापाशी तो वर्षानंतर प्रथमच काहीतरी देतो. किल्लीचा वेढा देतो, दवाखान्याची वाट दाखवतो, किंवा नुसते ऐकून घेतो. जे दुखणे त्याला निरुपयोगी करीत होते, त्याच दुखण्याने त्याला हे देण्याजोगे ज्ञान दिलेले असते. दुःखाला आपोआप अर्थ असतो असे मी मानीत नाही; बोटे वाकडी होण्यात स्वतःहून काहीच पवित्र नाही. पण त्या बोटांनी शिकलेली गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडली, तर तेवढ्यापुरता अर्थ तेथे माणसांनी आणलेला असतो.

येत्या रविवारी, घंटा वाजून सारे चर्च गुडघ्यांवर येईल, तेव्हा बसून राहिलेल्यांकडे एकदा पाहून ठेवावे. आपण स्वतः त्यांतले असाल, तर दुसरा कोण बसला आहे ते पाहावे. मिस्सा संपल्यावर दारात गर्दी होते आणि त्यांना बाहेर पडावयाला वेळ लागतो. म्हणजे गाठ घेण्याइतका वेळ आपल्याला नक्की मिळेल.